शपथपत्रातलं माझं नाव

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच कळतं. चौथीनंतर शाळा सुटली. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं. तसं हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मागच्या निवडणुकीची पत्रकं उरली आहेत. एका बाजूला हात जोडलेल्या सिस्टरचा फोटो आहे, दुसरी बाजू कोरी. रद्दीत द्यायला जीव होत नाही. म्हणून कोऱ्या बाजूवर लिहिते. माझी मुलगी मंदा कधी वाचेल तर वाचेल.

माझं नाव गिरजा नारनवरे. नवरा लवकर गेला. बावीस वर्षं मी आयाचं काम केलं, नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या महानगरपालिकेच्या दवाखान्यात. दवाखान्यात आयाला सगळे मावशी म्हणतात, मग ती वीस वर्षांची असली तरी. फरशी पुसायची, चादरी धुवायला टाकायच्या, बाळंतिणीचे पाय धरायचे, नाळ पुरायला नेणाऱ्या आजीला पिशवी द्यायची, हे आमचं काम. आणि एक काम कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. बायांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकदा तुटली ती तुटलीच. दिवस भरलेली बाई आत गेली की मी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायची. माझ्या नोकरीची किती वर्षं त्या दाराला पाठ लावण्यात गेली, ते मोजलं नाही.

रामटेके सिस्टर आमच्याकडे बदलून आल्या तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्यांना घाबरले. उंच, काळ्यासावळ्या, आवाज कधी चढवत नाहीत. चढवत नाहीत म्हणूनच भीती वाटायची. बाळंतपण झालं की कापसाचे आणि जाळीच्या कापडाचे बोळे त्या दोनदा मोजायच्या. किती आत गेले, किती बाहेर आले. मी म्हणायची, "सिस्टर, बरोबर आहेत ना, किती मोजता?" त्या म्हणायच्या, "एकदा मोजलं ते माझ्यासाठी. दुसऱ्यांदा तिच्यासाठी."

माझी एक चूक लिहून ठेवते, नाहीतर सिस्टर काय चीज आहे ते कळणार नाही. लहान मुलांच्या लसी ठेवायचा एक फ्रिज असतो. त्याच्या दारावर कागद चिकटवलेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ आतल्या थंडाव्याचा काटा पाहून आकडा लिहायचा, सुटी असो की सण. एका शनिवारी सिस्टर कामठीला बहिणीकडे गेल्या आणि मला सांगून गेल्या, "रविवारी दोनदा येऊन आकडा लिही." रविवारी माझ्या घरी पाहुणे आले. मी गेलेच नाही. सोमवारी लवकर येऊन शनिवारचाच आकडा दोन्ही घरांत भरला. मला वाटलं, फ्रिज बंदच असते, आत काय बदलणार आहे?

सिस्टर आल्या, कागद पाहिला आणि विचारलं, "काल वस्तीत लाइट किती वेळ नव्हती?"

मी म्हटलं, "दुपारपासून रात्रीपर्यंत."

"मग हा आकडा कुठून आला?"

त्या ओरडल्या नाहीत. फ्रिजमधल्या सगळ्या लसी त्यांनी बाजूला काढल्या, वापरायच्या नाहीत असं लिहिलं आणि वर कळवलं. वरून मेमो आला, तो त्यांच्या नावाने. "सिस्टर, चूक माझी होती, माझं नाव लिहा ना," असं मी रडत म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुले काम मी सांगितलं होतं. सही माझी असते." मग म्हणाल्या, "गिरजाबाई, कागदावर रकाना असला की खरं लिहायचं. माहीत नसलं तर माहीत नाही लिहायचं. पण मनचं नाही लिहायचं. तो आकडा पाहून कोणाच्या तरी लेकराले सुई टोचतात."

हे मी जन्मभर विसरले नाही. पुढे अशाच एका रकान्याने माझा घाम काढला, ते सांगतेच.

सिस्टर राजकारणात गेल्या त्या पाण्यामुळे. आमच्या वस्तीत नळाची पाइप आणि नाली शेजारी शेजारी होत्या. दरवर्षी पाण्याला वास यायचा आणि दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांची लेकरं यायची. सिस्टर प्रत्येकाचा पत्ता लिहून घ्यायच्या. मग वस्तीचा नकाशा काढून त्यावर टिंबं द्यायच्या. टिंबं सगळी एकाच गल्लीत. तो नकाशा घेऊन त्या तेव्हाच्या नगरसेवकाकडे गेल्या, मीही सोबत होते. साहेब झोपाळ्यावर बसले होते. नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही गोळ्या द्या. पाइप आमच्यावर सोडा."

बाहेर येऊन सिस्टर रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "गोळ्या देऊन देऊन मी त्याचीच पाइप चालवून राहिली."

पुढच्या निवडणुकीत आमचा प्रभाग बायांसाठी राखीव झाला. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढता येत नाही, राजीनामा द्यावा लागतो. सिस्टरने दिला. पूर्ण पेन्शनला थोडी वर्षं उरली होती. ऑफिसातल्या क्लार्कने तीनदा विचारलं म्हणे, "मॅडम, पक्कं ना?" मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मला वाटलं, ही बाई वेडी झाली.

त्यांचा प्रचार पाहून तर खात्रीच झाली. घरोघरी जायच्या आणि मत सोडून सगळं मागायच्या. "आजी, बीपीची गोळी चालू आहे ना? दाखवा गोळ्यांचं पाकीट." "हे पोरगं काहून खोकलते? किती दिवस झाले?" एका घरात अर्धा तास पायाची जखम धुवत बसल्या. मी मागून पदर ओढून म्हणायची, "सिस्टर, मत मागा ना वं माय!" तर ज्याची जखम धुतली तो म्हाताराच म्हणाला, "मागून काय करते? आता द्यायलाच लागते."

त्या निवडून आल्या. मी रोजंदारीची नोकरी सोडली आणि त्यांच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. दोन बाक, एक टेबल, एक कपाट.

नगरसेविकेचं काम काय असते ते बाहेरच्यांना माहीत नसते. लोकांना वाटते भाषण. भाषण वर्षातून चार वेळा. बाकी नाली, कचरागाडी, खांबावरचा दिवा, रहिवासी दाखला, शाळेतला प्रवेश, मेलेलं कुत्रं. सिस्टर रोज सकाळी साडेसहाला दवाखान्यातल्यासारखा राउंड घ्यायच्या. पायी, हातात वही. प्रत्येक गल्लीला वहीत एक पान. कालची तक्रार आज बरी झाली का, वाढली का, तशीच आहे का, ते लिहायचं. महापालिकेचे इंजिनियर त्या वहीला फार भ्यायचे. तारीख आणि वेळ दोन्ही असायची त्यात.

ऑफिसात माझं काम रांग लावायचं आणि चहा करायचं. तावातावाने येणाऱ्या माणसाला सिस्टर आधी बसवायच्या, दंडाला पट्टा बांधायच्या आणि बीपी मोजायच्या. तोपर्यंत तो अर्धा थंड व्हायचा. एकदा एक जण शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार घेऊन आला. पहाटे तीनला आरवतो, त्याला वस्तीबाहेर काढा, असं पत्र पाहिजे होतं. सिस्टरने बीपी पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, कोंबडा राहू द्या. तुम्ही आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला." स्वतः नेलं त्याला. आठ दिवसांनी तो अंडी घेऊन आला. शेजाऱ्याचीच.

दुसरा एक जण होता, त्याची बायको काटोलला माहेरी निघून गेली होती. त्याला नगरसेविकेच्या शिक्क्याचं पत्र पाहिजे होतं की बायकोला परत पाठवा. सिस्टरने विचारलं, "मारलं का तिला?" तो म्हणाला, "एकदाच." सिस्टर म्हणाल्या, "शिक्का नाही मिळत. तिचा नंबर द्या, तिला काय पाहिजे ते मी विचारते." तो नंबर न देताच गेला. पण सिस्टरने वहीत त्याच्या नावाचं पान उघडून ठेवलं, ते मी पाहिलं.

आणि एक ठेकेदार संत्र्यांची पेटी घेऊन आला होता. पेटीत खाली पाकीट. संत्री मीच मोजून दवाखान्यातल्या बाळंतिणींना वाटली. पाकीट सिस्टरने माझ्याच हाती परत पाठवलं आणि ठेकेदाराची सही घेऊन यायला सांगितलं, "परत मिळाले" म्हणून. त्याने आधी पैसे मोजले, मग सही केली. एवढे पैसे मी कधी हातात धरले नव्हते.

पाइप बदलायला सहा वर्षं लागली. दोन निवडणुका. त्या सहा वर्षांत ज्यांची लेकरं गेली, त्यांच्या दारावरून जाताना सिस्टर अजून वहीत पाहत नाहीत, दाराकडे पाहतात.

आता माझी गोष्ट. लिहायची लाज वाटते, पण ती न लिहिता पुढचं लिहिता येणार नाही.

मला आठ महिने अंगावरून लाल जात होतं. मी कोणाला सांगितलं नाही. बावीस वर्षं दवाखान्यात बायांना "सांगा वं, लाजू नका" म्हणत आले आणि स्वतःचं लपवलं. एका सकाळी चहा घेऊन गेले तर सिस्टरने कप बाजूला ठेवला आणि माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली.

"कधीपासून?"

"काही नाही सिस्टर, उन्हामुळे..."

"गिरजाबाई, मी तुले ऊन विचारलं नाही."

सांगितलं. त्याच दिवशी तपासणी झाली. रक्त इतकं कमी होतं की डॉक्टरीणबाईंनी मला उभंच राहू दिलं नाही. गर्भपिशवी काढावी लागणार होती. सरकारी दवाखान्यात पुढची तारीख होती आणि तेवढं थांबायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. फुकट उपचाराच्या सरकारी योजनेच्या कार्डावर माझं नाव नव्हतं, रेशनकार्ड सासरच्यांकडे राहिलं होतं. खाजगीत चाळीस हजार लागले. ते सिस्टरने भरले.

मी घरी आल्यावर म्हटलं, "मी हे कसे फेडू?"

त्या म्हणाल्या, "महिन्याचे पाचशे."

मला वाटलं होतं त्या म्हणतील राहू दे. माझं तोंड पाहून त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, "असेच दिले तर उद्यापासून तू माझ्यासमोर मान खाली घालून चहा देशील. उसने आहेत. व्याज नाही."

मग दर महिन्याला पगार झाला की मी म्हणायची, यातूनच कापून घ्या. त्या ऐकायच्या नाहीत. पगार पूर्ण माझ्या हातात द्यायच्या. मी घरी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाचशे आणून द्यायची. त्या वहीत लिहायच्या, मी सही करायची.

पुढच्याच वर्षी त्यांना आमदारकीचं तिकीट मिळालं. पक्षाचे लोखंडेभाऊ प्रचार पाहत होते. चांगला माणूस, पण सतत फोनवर. फॉर्म भरायला ते वकील घेऊन आले. फॉर्मसोबत शपथपत्र द्यावं लागते. घर किती, सोनं किती, बँकेत किती, गुन्हे किती, सगळं शपथेवर लिहायचं. एकही रकाना कोरा ठेवता येत नाही. काही नसलं तर 'निरंक' लिहायचं. एक रकाना होता, तुम्ही कोणाला कर्ज किंवा उसने दिले आहेत काय, कोणाला, किती.

वकील म्हणाला, "निरंक."

सिस्टर म्हणाल्या, "नाही. गिरजाबाईकडे पस्तीस हजार आहेत."

"सिस्टर, एवढीशी रक्कम. कोण पाहते?"

"रकान्यात विचारलं आहे ना?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुझं नाव लिहावं लागते. कशासाठी दिले ते लिहावं लागत नाही. लिहू?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, दवाखान्याच्या रजिस्टरासारखं असेल. एकदा लिहिलं की कपाटात. कपाटाला कुलूप. मला काय माहीत की ते शपथपत्र फलकावर लावतात आणि मोबाइलवर अख्ख्या जगाला दिसते!

तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात गेले तर दुकानदाराच्या बायकोने विचारलं, "काहून वं गिरजा, किती टक्क्याने देते तुमची सिस्टर?" मला कळलंच नाही. तिने मोबाइल दाखवला. शपथपत्राचा फोटो, माझ्या नावाभोवती लाल गोल, आणि वर लिहिलेलं, 'सिस्टर की सावकार?' शपथपत्रात सिस्टरने 'बिनव्याजी हातउसने' असं स्पष्ट लिहिलं होतं. फोटो बरोबर त्या शब्दांच्या आधी कापला होता.

दोन दिवसांत सगळीकडे झालं. सिस्टर गरीब बायांना व्याजाने पैसे देते. घरकामाला ठेवून घेते आणि पगारातून वसूल करते. ज्या बायांची बाळंतपणं सिस्टरने केली, त्याही मला नजर चुकवायला लागल्या. मी तीन दिवस ऑफिसला तोंडाला पदर लावून गेले.

एका दुपारी लोखंडेभाऊ आले. मी चहा घेऊन दारामागे उभी होते. ते म्हणत होते, "सिस्टर, कशासाठी दिले ते सांगून टाका ना. एका वाक्यात काम होऊन जाते. दवाखान्यासाठी दिले म्हणा."

"नाही."

"काहून नाही?"

"ती माझी पेशंट होती, भाऊ. पेशंटची गोष्ट चौकात सांगत नसतात. दवाखाना म्हटलं की पुढचा प्रश्न येते, कोणता आजार. मग?"

"मग तिलेच सांगू द्या."

"तिले कोणी काही म्हणायचं नाही. तुम्ही म्हटलं तर आपलं जमणार नाही."

"सिस्टर, हरून राहिलो आपण!"

"हरू." एवढंच म्हणाल्या. मग आवाज दिला, "गिरजाबाई, चहा थंड होऊन राहिला."

मी चहा ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे मला ओशाळं वाटू नये म्हणून. पेन्शन सोडली होती. दहा वर्षं वस्तीचा गाळ उपसला होता. आणि माझी एक लाज झाकायला सगळं सोडायला तयार बसल्या होत्या. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला वाटलं, देवळात उभी आहे आणि हात जोडायला विसरले आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ सभा होती. मी नेहमी मागे, सतरंजीच्या कडेला बसते. सिस्टर बोलायला उठल्या आणि मागून एक पोरगा ओरडला, "सिस्टर, व्याज किती?" लोक हसले. दुसरा ओरडला, "गिरजाबाईला विचारा!" पुन्हा हसले.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. माणसांमधून वाट काढत गेले. सिस्टरने मला पाहिलं आणि मान हलवली, नको. पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. माइक उंच होता, तो कोणीतरी खाली केला. समोर सगळी ओळखीची तोंडं. दीर होता. मंदाचा शाळेतला मास्तर होता.

म्हटलं, "मी गिरजा. कागदावर नाव आहे ते माझं."

कोणीतरी म्हटलं, "जोरात!"

"मले आठ महिने अंगावरून लाल जात होतं. मी कोणाले सांगितलं नाही. मी आया असून सांगितलं नाही. सिस्टरने माझा डोळा पाहून ओळखलं. माझी गर्भपिशवी काढली. चाळीस हजार लागले. ते सिस्टरने भरले. व्याज एक रुपया नाही. मी महिन्याचे पाचशे देते, कारण मले फुकटचे नको होते." मग अजून एक वाक्य तोंडातून निघालं, ते मी ठरवलं नव्हतं. "सिस्टर हे तुम्हाले कधीच सांगणार नव्हती. हरली असती, पण सांगितलं नसतं."

कोणी टाळी वाजवली नाही. पुरुष खाली पाहत होते. मग पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बस वं माय, खाली बस. पाणी द्या गा तिले कोणी." सिस्टरने स्वतः पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत भाषण सोडून त्या माझ्याजवळच उभ्या राहिल्या.

रात्रभर झोप आली नाही. आता घराबाहेर कशी पडू, हेच डोक्यात. सकाळी ऑफिस उघडायला गेले तर पायरीवर सात बाया बसलेल्या. मला वाटलं भांडायला आल्या. त्यातली एक उठली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "गिरजाबाई, मलेही तसंच होऊन राहिलं. दीड वर्ष झालं."

सातही जणींचं थोडंफार तेच होतं. सिस्टर आल्या, पाहिलं आणि दिवसभराचा प्रचार रद्द केला. लोखंडेभाऊंनी डोकं धरलं. "सिस्टर, मतदानाला सहा दिवस आहेत!" सिस्टर म्हणाल्या, "हो ना. म्हणून लवकर चला. तुमची गाडी रिकामी आहे का?" प्रचाराच्या गाडीत, दोन्ही बाजूंना सिस्टरचे फोटो लावलेले, आम्ही सात बाया तपासायला नेल्या. लोखंडेभाऊंनी स्वतः गाडी चालवली. लाउडस्पीकर बंद ठेवला होता.

त्या सातमध्ये एकीची गाठ वाईट निघाली. वेळेत निघाली म्हणून ती आज आहे. मला बाजारात दिसली की माझा हात दाबते.

सिस्टर आमदार झाल्या.

हिवाळी अधिवेशन नागपूरला असते. पूर्वी मी एकदाच तिकडे गेले होते, रोजंदारीच्या आयांच्या मोर्चात. पोलिसांनी लाकडी कठडे लावून अडवलं होतं. रस्त्यावर बसून भाकर खाल्ली आणि परत आलो. आता सिस्टरने मला पास काढून दिला आणि मी वर बसून विधानसभा पाहिली. केवढी उंची, केवढी शांतता, आणि खाली एवढी मोठमोठी माणसं. मी चपला काढायला लागले तर शिपाई म्हणाला, "राहू द्या मावशी." मी मावशी आहे हे त्याला कसं कळलं, देव जाणे.

सिस्टर उठल्या. हातात घडी केलेला एक कागद. त्यांनी विचारलं, "शासनाच्या आणि महापालिकांच्या किती प्रसूतिगृहांत बायांच्या संडासाला आतून कडी आहे, ते मंत्रिमहोदय सांगतील काय?"

सभागृहात हसू उसळलं. कोणी बाक वाजवला. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या, बोळे मोजताना उभ्या राहायच्या तशा. हसू हळूहळू विरलं. मग म्हणाल्या, "हसून झालं असेल तर उत्तर द्यावं. कडी नसल्यामुळे एक आया बावीस वर्षं दाराला पाठ लावून उभी होती. तेवढा वेळ ती दुसऱ्या बाळंतिणीजवळ नव्हती."

त्यानंतर कोणी हसलं नाही. मी वर बसून पदर तोंडात कोंबला. ज्या कामाची कोणत्याच कागदावर नोंद नव्हती, त्याची नोंद तिथे झाली. खाली बसलेला एक माणूस भराभर लिहून घेत होता, ते मी पाहिलं.

उन्हाळ्याआधी आमच्या दवाखान्यात सुतार आला. चार स्क्रूची साधी कडी. मी मुद्दाम पाहायला गेले. आत जाऊन लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर कोणीतरी दार वाजवलं तेव्हा बाहेर आले.

सगळंच झालं असं नाही. रात्रीच्या बाळंतपणाला आमच्या दवाखान्यात अजून नेहमी डॉक्टर नसतो. सिस्टर पाच वर्षं भांडल्या, अर्धंच मिळालं. कोरोनात आमदारीणबाई पुन्हा पांढरा कोट घालून उभ्या राहिल्या, तेव्हा मोठमोठ्यांनी फोन करून सांगितलं, घरी बसा. त्या म्हणाल्या, "मले सुई टोचता येते. घरी बसून कोणाले टोचू?" त्या दिवसांत मंदाच्या नवऱ्याचं काम बंद होतं, तिचं घर मलाच पाहावं लागलं. माझा हप्ता काही महिने चुकला. सिस्टरने एकदाही विचारलं नाही. वहीत तेवढी घरं कोरी नव्हती. प्रत्येक घरात लिहिलं होतं, 'दिले नाहीत'.

परवा पुन्हा फॉर्म भरायचा होता. मी हिशेब केला, नऊ हजार उरले होते. मंदा म्हणाली, "आई, मी देते ना." मी म्हटलं, तू राहू दे. आम्हा बायांची भिशी आहे, माझा नंबर शेवटचा होता. मी जिचा आधी होता तिच्याकडून बदलून मागितला. ती त्या सातमधलीच. तिने कारण विचारलं नाही.

वकील यायच्या आधी मी पैसे टेबलावर ठेवले. सिस्टर म्हणाल्या, "एवढी घाई काहून?"

मी म्हटलं, "यावेळी त्या रकान्यात माझं नाव नको."

त्यांनी चष्मा लावला. नोटा मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या. मी विचारलं नाही की दोनदा का. वहीत लिहिलं, 'पूर्ण मिळाले', आणि सही केली, आणि माझी घेतली. शपथपत्राचा कच्चा कागद समोर होता. कर्जाच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, "सिस्टर, माझं अक्षर..."

"कच्चा कागद आहे. लिही."

मी लिहिलं. निरंक.